अगदी संकोच करू नका

क्योतो, ६ एप्रिल

प्रिय ताई,

पत्राची सुरुवात ऋतूनं करावी असा दंडक आहे, म्हणून लिहून टाकतो: चेरी फुलली, गळली आणि शेजारच्या कासुगाबाईंनी ती झाडूनही टाकली. झाला ऋतू. आता मुद्द्यावर येतो.

यंदा गल्लीच्या मंडळाचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं आहे. अभिनंदन करू नकोस. आपल्या ओकेया गल्लीत कोणी कोणाला निवडून देत नाही, घरांच्या ओळीनं पाळी फिरते हे तुला ठाऊक आहे. तुझी भावजय मित्सुए होती तोवर मंडळाचं सगळं तीच बघायची. ती गेल्यापासून तीन वर्षं मी सभेला जातो, दाराजवळची जागा धरतो आणि सगळ्यांच्या आधी चपला घालतो. पण पाळीला डोळे नसतात. मावळते अध्यक्ष मोरिवाकी, तेच आपले तातामीच्या चटया विणणारे, सभाघराच्या किल्ल्या फडक्यात बांधून घेऊन आले. दोन्ही हातांनी त्या माझ्यापुढे धरल्या आणि इतके वाकले, इतके वाकले, की मला 'नको' म्हणायला त्यांचं तोंडच दिसेना.

सभाघर तुला आठवतच असेल. खाली मोठी खोली, वर माळा, मागे मोरी. पूर्वेच्या कोपऱ्यात गळतं. माळ्यावर मुलांच्या देवाच्या, जिझोच्या, सणाचे कंदील आणि ती लांबलचक जपमाळ. वर्षाचे अकरा महिने तिथं उंदीर अध्यक्ष असतात. गुरुवारी चार म्हाताऱ्या येऊन चहा पितात, तो त्या आपापल्या घरीही पिऊ शकतील. एवढ्यासाठी छप्पर बघा, विजेचं बघा, लाल बादल्यांत आगीसाठी पाणी आहे का ते बघा!

पहिल्याच दिवशी एक घोटाळा केला. अध्यक्षाचा उत्साह म्हणून दारापुढचं झाडायला घेतलं आणि झाडता झाडता थेट कासुगाबाईंच्या उंबऱ्यापर्यंत पोचलो. आपल्या दारापुढचं झाडून वर शेजाऱ्याचं वीतभर, हा इथला नियम. वितीपेक्षा कमी झाडलं तर माणूस कंजूष, जास्त झाडलं तर शेजारी घाणेरडा ठरतो. संध्याकाळी बाई लोणच्याचा वाडगा घेऊन दारात हजर. "आमच्या दारापुढं फारच कचरा साठला होता वाटतं. तुम्हाला त्रास झाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं अख्खं अंगण झाडलं. मग मी त्यांना बिस्किटं नेली. सध्या आमचं असं घनघोर युद्ध चालू आहे.

तुझा,
कुनिहारु


साप्पोरो, २२ एप्रिल

प्रिय कुनि,

इथं अजून कोपऱ्याकोपऱ्यात काळा पडलेला बर्फ आहे. हा आमचा वसंत.

तू अध्यक्ष! बाबा असते तर त्यांनी आधी हसून घेतलं असतं आणि मग तुला शर्ट इस्त्री करायला लावलं असतं. तुला सभाघरात उंदीर दिसतात, मला त्या मोठ्या खोलीत पावसाळ्यात वाळत घातलेले गल्लीभरचे कपडे दिसतात. तातामीवर लोळून तू अभ्यास करायचास, आणि मोरिवाकींचे वडील तुझ्या पायावर पट्टी मारून म्हणायचे, "तातामी माझी आहे, बाळ, लोळायची नाही, बसायची." तू एवढा शहाणा झालास तो त्याच तातामीवर, हे विसरू नकोस. शहाणा झाला आहेस असं धरून चालते.

माझं म्हणशील तर अगदी सुखात आहे. केन्जीनं खोलीत नवा हीटर बसवला. सूनबाई, युकारी, मला स्वयंपाकघरात पाऊलही टाकू देत नाही. "आई, तुम्ही बसा." मी बसते. बशी विसळायला उठले तरी "आई, तुम्ही बसा." पुन्हा बसते. एवढं बसायला मिळणं म्हणजे भाग्यच की. टीव्ही मोठा आहे.

आता तू कामाचा माणूस झालास. पत्र लिहिण्यात वेळ जात असेल तर अगदी संकोच करू नकोस, नाही लिहिलंस तरी चालेल.

ताई


क्योतो, २१ मे

प्रिय ताई,

नवी हिरवळ वगैरे वगैरे. तू म्हणालीस म्हणून महिनाभर लिहिलं नाही, तुलाही उत्तर देण्याचा ताण नको.

पण आज लिहायलाच हवं, कारण तुझ्या भावानं एक नाजूक प्रकरण फारच सफाईनं हाताळलं आहे.

नव्या अध्यक्षानं तात्सुमि आजींना भेटून यायचं असतं. सभाघराची जमीन त्यांची. तात्सुमि आजोबांनी ती गल्लीला वापरायला दिली आणि आपल्या बाबांच्या पिढीनं वर घर बांधलं. आजी आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. गल्लीच्या टोकाच्या घरात एकट्या असतात, पण बसतात अशा ताठ की समोरच्याची पाठ दुखावी. मी योकानची गोड वडी घेऊन गेलो. आजींनी ती देवापुढं ठेवली, चहा दिला, माझ्या मोज्याचं भोक न बघितल्यासारखं केलं. मी आपलं बोलायचं म्हणून छप्पर गळतं असं म्हणालो. त्यावर आजी म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी सांभाळलंत. आता तुम्हा मंडळींना ते जड होत असेल, तर अगदी संकोच करू नका हं."

ताई, मी चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत. मला काय हे कळत नाही? आजींना जागा परत हवी आहे! तोंडानं मागणं त्यांना शोभत नाही म्हणून त्यांनी असं सुचवलं. बाहेरगावचा माणूस "छे छे, जड कसलं" म्हणून चहा संपवून उठला असता. मी मात्र खाली वाकून म्हणालो, "आपण इतका विचार केलात."

मोरिवाकींना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, "आजींचं म्हणणं असं असेल तर..." पुढं काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही पटलं. कासुगाबाई म्हणाल्या, "तसं असेल तर बाई, आपण कोण!" मी फिरत्या पाटीवर सूचना लावली: आजींच्या भावना लक्षात घेऊन जिझोच्या सणानंतर सभाघर पाडून जागा परत करावी. कोणाची हरकत असल्यास कळवावी. एरवी ही पाटी एकेका घरात मुक्काम करत करत महिन्यानं परत येते. या वेळी चार दिवसांत गल्लीभर फिरून आली, प्रत्येक घराचा शिक्का अगदी सरळ. एक हरकत नाही! लोक सुटकेची वाटच बघत होते बहुधा.

तुझा,
कुनिहारु


साप्पोरो, ५ जून

प्रिय कुनि,

इथं लायलॅक फुलला आहे. वास छान येतो असं सगळे म्हणतात.

छान केलंस. कोणाला जड होण्याआधी आपणच बाजूला झालेलं बरं, मग ते घर असो की माणूस. आजी खरोखरच तसं म्हणाल्या असतील तर प्रश्नच नाही. मी आपली दूरची, मला काय कळतंय?

पाडण्याआधी वरच्या माळ्यावर मागच्या बाजूच्या खांबाकडं एकदा बघ. तिथं आपल्या उंचीच्या रेघा आहेत. माझ्या वरची रेघ तुझी आहे असं तू सगळ्यांना सांगायचास, पण ती शेजारच्या मुलाची होती. तू कायम माझ्या खाली होतास.

मध्यंतरी केन्जी म्हणत होता, "आई, थोडे दिवस मामाकडं जाऊन येतेस का?" मी म्हटलं, मामाला एकटं राहायची सवय झाली आहे, उगाच त्याच्या घरात माझी लुडबुड कशाला. तुलाही तसंच वाटत असणार.

ताई


क्योतो, २ जुलै

प्रिय ताई,

पाऊस, दमट हवा, भिंतीला बुरशी. हा ऋतू.

बरोबर बोललीस तू केन्जीला. इथं येऊन तू काय करणार? माझं घर म्हणजे पुस्तकांची अडगळ, जेवण म्हणजे भात आणि जे डब्यात असेल ते. तिथं तुला बसल्या जागी सगळं मिळतं. उगाच त्रास.

मंडळाचा निर्णय कळवायला आम्ही तिघं रीतसर आजींकडं गेलो. मोरिवाकी, कासुगाबाई, मी. मी सांगितलं, "जागा आपल्याला परत करण्याचं ठरलं आहे." आजी वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. वर आल्या तेव्हा म्हणाल्या, "सगळ्यांनी मिळून ठरवलंत. फार उपकार झाले." किती दिवस मनात धरून बसल्या असतील बिचाऱ्या! बाहेर आल्यावर मोरिवाकी भिंतीला हात टेकून, तोंड फिरवून उभे राहिले. वय झालं, चढ चढवत नाही त्यांना.

पाडकामवाले कोगुरे म्हणून आहेत, सज्जन माणूस, येऊन जागा बघून गेले. येताना तांदळाच्या सेनबेई बिस्किटांचा डबा घेऊन आले होते. सणानंतरचा मंगळवार ठरला.

एक गंमत सांगतो. पाडायचं ठरल्यापासून सभाघरात वर्दळ वाढली आहे. मोरिवाकींनी कोपऱ्यातल्या दोन तातामी बदलल्या. म्हटलं, अहो, पाडायचंय ना? तर म्हणाले, "किनार फाटलेली बरी दिसत नाही." कासुगाबाईंनी पडदे धुतले, वर नीळ घातली. गुरुवारी चार म्हाताऱ्यांच्या अकरा झाल्या, आणि त्यांना आता दोन प्रकारचा चहा लागतो. मी हसत होतो. पण परवा पाऊस आला तेव्हा मीच शिडी लावून पूर्वेच्या कोपऱ्यातली कौलं बसवून आलो. पाडायचं झालं तरी ठिबकणारं घर कोणाच्या हवाली करू नये.

खांब बघितला. रेघ माझीच आहे.

तुझा,
कुनिहारु


साप्पोरो, १८ जुलै (पोस्टकार्ड)

कुनि,

बरोबर आहे. उगाच त्रास. माझी प्रकृती उत्तम. हीटर आता बंद ठेवतात. बादल्यांतलं पाणी बदलत जा, डास होतात.

ताई


क्योतो, २९ ऑगस्ट

प्रिय ताई,

ऋतूचं वाक्य आज लिहीत नाही. माफ कर.

शनिवारी जिझोचा सण झाला. दगडी जिझोला नवं लाल लाळेरं बांधलं, कंदील लावले. गल्लीत मुलं उरली आहेत तीन, त्यातली दोन त्या नव्या इमारतीतली. म्हणून दुपारी जपमाळ फिरवायला आम्ही म्हातारेच गोल करून बसलो. मधे ती तीन मुलं, बर्फाचा गोळा खात. मोठा मणी ज्याच्या हाती येईल त्यानं तो कपाळाला लावायचा आणि पुढं सरकवायचा, तुला आठवतं ना, तू लावता लावता मला कोपरानं ढोसायचीस.

तात्सुमि आजीही आल्या होत्या. मोठा मणी त्यांच्या हातात आला, त्यांनी कपाळाला लावला आणि सोडलाच नाही. माळ थांबली. टाळ वाजवणारे मोरिवाकी थांबले. आजी म्हणाल्या, "माझ्या मागं निदान एक सण तरी इथं व्हावा, एवढीच इच्छा होती. पण तुम्हाला इतकी वर्षं जड होत होतं, मला कळायला उशीर झाला. मला क्षमा करा."

मग कासुगाबाई, ज्या आयुष्यात कधी पहिल्या बोलल्या नाहीत, म्हणाल्या, "जड कोणाला होत होतं, आजी? तुम्हाला जागा हवी म्हणून..."

"मला? मी काय करू त्या जागेचं? त्यावर कर भरू?"

मोरिवाकी म्हणाले, "मग आम्ही शिक्के मारले ते?"

"मला वाटलं तुम्हा सगळ्यांना नको झालंय," आजी म्हणाल्या. "सगळ्यांचे शिक्के म्हटल्यावर मी एकटी म्हातारी आडवी कशी येऊ?"

"आणि मला वाटलं बाकीच्यांना..." असं एकानं म्हटलं, मग दुसऱ्यानं, मग गोलभर तेच सुरू झालं. ताई, त्या खोलीत सभाघर पाडावं असं वाटणारा एकही माणूस नव्हता. कधीच नव्हता. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. रागानं कोणी बघितलं नाही. त्यापेक्षा रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. आजी तर मलाच म्हणाल्या, "माझं बोलणंच अस्पष्ट, तुमचा काय दोष." असं बोलून इथं माणसाला जिवंत गाडतात.

मला काय झालं ते सांगतो. मला रडू आलं. पाच महिने मी त्या किल्ल्यांना शिव्या घालत होतो, आणि त्या खोलीत, मोरिवाकींच्या नव्या तातामीवर बसून माझ्या लक्षात आलं, की मित्सुए गेल्यानंतर मी जे काही चार शब्द माणसांशी बोललो ते एवढ्या चार भिंतींतच बोललो. छप्पर मी उगाच नव्हतं दुरुस्त केलं.

मी उठलो. म्हटलं, काही बिघडलेलं नाही, अजून घर उभं आहे, मी आत्ता कोगुरेंना फोन करतो. मोरिवाकी म्हणाले, "पण त्यांनी आपल्यासाठी दुसरं काम सोडलंय म्हणे." कासुगाबाई म्हणाल्या, "सेनबेई पण खाल्ल्या आपण." तरी मी सभाघरातल्या फोनवरून नंबर फिरवला. अख्खी गल्ली माझ्या पाठीशी उभी होती. आजी सुद्धा, मणी हातात धरून.

कोगुरेंनी फोन उचलला. इतक्या आदबीनं बोलले! सगळी तयारी झाली आहे, माणसं सांगून ठेवली आहेत, गल्ली अरुंद म्हणून मुद्दाम लहान यंत्र मागवलं आहे. आणि मी, ताई, तुझा चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला भाऊ, काय बोललो माहीत आहे?

मी म्हणालो, "मंगळवारी तुम्हाला त्रास होत असेल, तर अगदी संकोच करू नका."

ते म्हणाले, "छे छे, त्रास कसला! तुम्हाला घाई असेल तर सोमवारीच येतो."

मी म्हणालो, "आभारी आहे."

मागं वळलो. सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या जागी आपणही हेच बोललो असतो, हे प्रत्येकाला कळलं होतं. मोरिवाकींनी टाळ उचलले, माळ पुन्हा फिरली.

ते सोमवारीच आले. कामगारांना चहा कासुगाबाईंनी दिला, तो न देऊन कसं चालेल? आजी छत्री घेऊन उभ्या होत्या. भिंत पडली तेव्हा त्या यंत्राला वाकल्या.

खांबाचा रेघांचा तुकडा मी मागून घेतला. घरी आणून चष्मा लावून बघितला. वरची रेघ शेजारच्या मुलाचीच आहे.

कुनिहारु


क्योतो, २० सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. माझ्यावर चिडली असशील तर बरोबर आहे, पण वाट न बघता लिहितो.

जागा मोकळी आहे. तेलही गेलं, तूपही गेलं आणि आजींच्या हाती धुपाटणं आलं. त्या जागेला कासुगाबाईंची भिंत लागते, मोरिवाकींची लागते आणि समोरून माझी. तिघंही सकाळी उठून आपापल्या बाजूनं वीतभर झाडतो. मधे पानं साचतात. मधली जागा कोणाच्याच वितीत येत नाही.

जिझोला ठेवायला छप्पर नव्हतं म्हणून तो माझ्याकडं आणला, कोनाड्यात मित्सुएच्या फोटोशेजारी. आणि आता मजा बघ. सकाळी कासुगाबाई जिझोला हात जोडायला येतात. मग मोरिवाकी. गुरुवारी अकरा म्हाताऱ्या. एका किल्लीचा मला जाच वाटत होता, आता माझ्या दाराला कडी लावायची सोय उरलेली नाही. कोणी पुस्तकांच्या थप्पीवर कप ठेवतं. परवा तात्सुमि आजी माझ्या डब्यातला शिळा भात बघून म्हणाल्या, "तुम्ही फार साधं राहता." म्हणजे 'नीट जेवत जा', हे मी या वेळी बरोबर समजलो, आणि त्यांना तसं सांगितलं सुद्धा. त्या हसल्या.

ताई, मला हे आवडतं. आणि सगळे गेल्यावर घर जास्तच मोकळं वाटतं.

तुझ्या पत्रांतलं कुठलं वाक्य कसं घ्यावं, हे मी आता ठरवणार नाही. तू 'सुखात आहे' लिहिलंस त्याचा अर्थ सुखात असा असेल किंवा नसेल. ओळी वाचून माझं पोट भरलं नाही, ओळींच्या मधलं वाचायला गेलो आणि गल्लीचं घर पाडून बसलो. म्हणून सरळ लिहितो. हे वाक्य लिहायला मला अर्धा दिवस लागला आणि तीन कागद गेले.

तू इथं राहायला ये. थोडे दिवस नाही, कायमची. तू एकटी आहेस म्हणून नाही, मी एकटा आहे म्हणून. मला तू हवी आहेस. चहा मी करीन.

तू 'उगाच त्रास' असं लिहिलंस तर ते मी अक्षरशः खरं धरीन आणि पुन्हा विचारणार नाही. हवं ते लिही, पण जे आहे तेच लिही.

कुनिहारु


साप्पोरो, १ ऑक्टोबर

कुनि,

चिडले नव्हते. तुझं ऑगस्टचं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग इतका राग आला की हातात पेन धरवेना. राग तुझा नाही. त्या कोगुरेंना तू जे बोललास तेच वाक्य एप्रिलमध्ये मी तुला लिहिलं होतं. 'अगदी संकोच करू नकोस, नाही लिहिलंस तरी चालेल.' आणि तू महिनाभर लिहिलं नाहीस, गाढवा! रोज पेटीत हात घालून बघत होते.

भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. मला यायचं आहे. चार वर्षं यायचं आहे. तुला जड होईल म्हणून बोलले नाही.

तुझं पत्र आल्यावर धीर केला आणि युकारीला सांगितलं, "मला इथं नुसतं बसून कंटाळा येतो. मी क्योतोला जाते." ती ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि तिथंच खाली बसून रडायला लागली. म्हणे, "आई, मी तुम्हाला काम सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, सुनेनं राबवायला आणलं. मला तुमच्याकडून लोणचं शिकायचं होतं." चार वर्षं ती मला बसवत होती आणि मी बसत होते, दोघी एकमेकींसाठी! त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून मुळा चिरला. तिचा हात वाईट नाही, मीठ कमी पडतं. मी तिला तसं तोंडावर सांगितलं, आणि ती मुळीच मेली नाही. उलट म्हणाली, "मग नका ना जाऊ."

म्हणजे बघ, जायचं ठरल्यावर इथं राहण्यासारखं झालं. पण मी येणार. दर उन्हाळ्यात इकडं येईन असं तिला कबूल केलंय, तिच्या लोणच्यावर लक्ष ठेवायला.

आता तुझं काम. योकान घेऊन तात्सुमि आजींकडं जा. ऋतूचं वाक्य नको, छप्पर नको, वाकणं एकदाच. सरळ म्हण, "आम्हाला ती जागा हवी आहे." चार बांबू आणि एक पत्रा तरी उभा राहील, जिझो आत बसेल. त्यांना उद्धट वाटलं तर म्हणावं, बहिणीनं शिकवलं. आणि मधली जागा झाडायची वाट बघत बसू नका. मी आले की झाडीन, पहिल्याच सकाळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लोणचं घेऊन कोण भांडायला येतं ते बघतेच.

खांबाचा तुकडा फेकू नकोस. कबूल केलंस, बरं झालं.

मी चोवीस तारखेला दुपारी पोचते. सोबत दोन पेट्या आहेत. इथं आधी 'तुला त्रास होत असेल तर स्टेशनवर येऊ नकोस' असं लिहिलं होतं, ते खोडलं आहे. खोडलेलं वाचत बसू नकोस. ये.

ताई